राजजमिनींचे पट्टे व कारभार, इंग्लंडमधील (सोळावे–सतरावे शतक)

इंग्लंडच्या राजाच्या मालकीची मॅनर (स्वतःचे न्यायालय असलेल्या जमीनदारी मिळकती), शेते, कुरणे, वने आणि पाणचक्क्या कुळांना लावून देण्याची व त्यांचे उत्पन्न वसूल करण्याची व्यवस्था. लँकेस्टरच्या डचीचा, म्हणजे ड्यूकच्या जहागिरीचा, कारभार वेगळा चाले. कॉर्नवॉलची डची राजाच्या थोरल्या मुलाची असे; असा वारस नसेल तेव्हा ती राजाकडेच राही. या जुन्या मिळकतीत १५३६ ते १५४० दरम्यान आठव्या हेन्रीने बरखास्त केलेल्या मठांच्या अफाट जमिनींची भर पडली. त्यांच्यासाठी १५३६ मध्ये कोर्ट ऑफ ऑगमेंटेशन्स स्थापन झाले आणि १५५४ मध्ये ते एक्सचेकरमध्ये, म्हणजे राजाच्या महसूल खात्यात, विलीन झाले. तोवर मठांच्या पुष्कळ जमिनी फ्रान्स व स्कॉटलंडशी झालेल्या युद्धांच्या खर्चापायी विकल्या गेल्या होत्या.

गावपातळीवर बेलिफ खंड गोळा करी, तर मॅनरचे न्यायालय स्ट्यूअर्ड भरवी. वसूल रिसीव्हरकडे जमा होई आणि हिशेब ऑडिटर तपासत. खंड सहसा वर्षातून दोनदा, २५ मार्च आणि २९ सप्टेंबर या सणांच्या दिवशी, द्यावा लागे.

राजाच्या खास वहिवाटीतली जमीन पट्ट्याने दिली जाई. पट्टा बहुधा २१ वर्षांचा किंवा ‘तीन आयुष्यांचा’ असे. तीन आयुष्यांच्या पट्ट्यात तीन व्यक्तींची नावे घातली जात आणि त्यांतली शेवटची मरेपर्यंत पट्टा चाले. त्यामुळे धूर्त कूळ लहान मुलांची नावे घाली. पट्टा घेताना एकरकमी नजराणा भरावा लागे आणि पुढे दरसाल ठरलेला खंड. घरे-कुंपणांची डागडुजी कुळाने करायची. मोठी इमारती झाडे मात्र राजाची. जळण, कुंपण आणि नांगर यांपुरते लाकूड घेण्याची कुळाला मुभा असे.

या व्यवस्थेची खरी अडचण खंडात होती. तो पिढ्यान्‌पिढ्या तोच राही. १५०० ते १६४० या काळात इंग्लंडमध्ये धान्याचे भाव कित्येक पटींनी वाढले, पण राजाच्या कित्येक मॅनरचा खंड आजोबांच्या काळात होता तितकाच होता. खाजगी जमीनदार नजराणा वाढवून ही तूट भरून काढत. राजाचे अधिकारी त्यात मागे पडले. एलिझाबेथच्या काळात तर चालू पट्टा संपण्याआधीच पुढचा पट्टा दरबारातल्या सेवकाला बक्षीस म्हणून देण्याची रीत फोफावली. असा सेवक ती जमीन कसायला जात नसे. तो आपला हक्क बसल्या कुळाला किंवा दलालाला विकून मोकळा होई. नजराण्याचा पैसा मग खजिन्याऐवजी त्याच्या खिशात जाई.

याला निव्वळ गलथानपणा म्हणणे अन्यायाचे होईल. हाती रोकड कमी असलेल्या राणीला नोकरांना पगारवाढ देण्याचा आणि सरदार-घराणी बांधून ठेवण्याचा हाच स्वस्त मार्ग होता. स्वस्त पट्ट्याने निष्ठा विकत मिळे. ही किंमत मात्र पुढच्या राजांना मोजावी लागली.

पट्टेदारांहून संख्येने मोठा वर्ग कॉपीहोल्ड कुळांचा होता. मॅनरच्या न्यायालयातील नोंदीची नक्कल हाच त्यांचा दस्तऐवज, आणि स्थानिक रूढी हाच त्यांचा कायदा. वारस लागताना भरायचा नजराणा काही ठिकाणी रूढीने ठरलेला, तर काही ठिकाणी मालकाच्या मर्जीवर असे. कॉर्नवॉलच्या डचीत काही मॅनरमध्ये दर सात वर्षांनी न्यायालय भरवून जमिनी नव्याने लावल्या जात, पण व्यवहारात त्या वंशपरंपरागत झाल्या होत्या. कुळे ही रूढी जिवापाड जपत, आणि मोजणीच्या वेळी शपथेवर माहिती देणारे पंचही त्यांच्यातलेच असत.

पहिल्या जेम्सचा खजिनदार रॉबर्ट सेसिल, सॅलिस्बरीचा अर्ल, याने १६०८ पासून ही घडी बदलण्याचा नेटाने प्रयत्न केला. राजजमिनींची व्यापक पाहणी झाली. जुन्या खंडाशेजारी जमिनीची खरी वार्षिक किंमत मांडली गेली, तेव्हा दोन्हींतली तफावत उघडी पडली. १६०७ मध्ये विंडसरच्या परिसराचे नकाशे काढणारा जॉन नॉर्डन हा त्या काळचा नामांकित मोजणीदार. कॉपीहोल्ड कुळांनी एकरकमी पैसे भरून नजराणा कायमचा ठरवून घ्यावा, असाही प्रस्ताव होता. १६०९ मध्ये महत्त्वाच्या जमिनी विक्रीला बंदी घालून राजवंशाशी बांधल्या गेल्या. तरीही कर्ज हटेना. १६१० मध्ये सरंजामी हक्क सोडून त्यांच्या बदल्यात पार्लमेंटकडून दरसाल २ लाख पौंड मिळवण्याची बोलणी फिसकटली आणि विक्री चालूच राहिली. १६२८ मध्ये पहिल्या चार्ल्सने जुनी-नवी कर्जे फेडण्यासाठी लंडन शहराला मोठ्या प्रमाणावर राजजमिनी दिल्या. खंडाचे उत्पन्न आटत गेले तसे राजे पार्लमेंटच्या करांवर आणि वादग्रस्त वसुलीवर अधिकाधिक अवलंबून राहिले. जेम्स आणि चार्ल्सच्या काळातील राजकीय संघर्षामागचे हे आर्थिक कारण पुरेसे लक्षात घेतले जात नाही.

राजाकडून मिळणाऱ्या जमिनींच्या सनदांत ‘ईस्ट ग्रिनिचच्या मॅनरप्रमाणे धारण’ ही अट नेहमी दिसते. केंट परगण्यातील या राजमॅनरच्या नावाने जमीन घेतली, की लष्करी सेवेसारखी सरंजामी ओझी टळत. हीच अट मुंबईलाही लागली. २७ मार्च १६६८ च्या सनदेने दुसऱ्या चार्ल्सने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिले, तेही ईस्ट ग्रिनिचच्या मॅनरप्रमाणे, दरसाल १० पौंड सोन्याच्या खंडावर.

पहिल्या चार्ल्सच्या शिरच्छेदानंतर, १६४९ मध्ये, पार्लमेंटने राजजमिनींची मोजणी करून त्या सैनिकांची थकबाकी भागवण्यासाठी विकायला काढल्या. सैनिकांना मिळालेली देणे-पत्रे अधिकाऱ्यांनी पडत्या भावाने विकत घेऊन जमिनी ताब्यात घेतल्या. १६६० मध्ये राजेशाही परतली, तशा या जमिनी राजाकडे आल्या. पुढे तिसऱ्या विल्यमने आपल्या मर्जीतल्यांना दिलेल्या मोठ्या देणग्यांवरून पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहात वादळ उठले. १७०२ च्या कायद्याने कायमची देणगी बंद झाली आणि शेतजमिनीचा पट्टा ३१ वर्षे किंवा तीन आयुष्ये यांपुरता मर्यादित केला गेला. १७६० मध्ये तिसऱ्या जॉर्जने या जमिनींचे उत्पन्न पार्लमेंटकडे सोपवून ठरावीक वार्षिक रक्कम स्वीकारली.