डुकॅट: ड्यूकच्या मुलखावरून पडलेलं नाव

लॅटिनमध्ये 'डुक्स' म्हणजे पुढारी, सेनानायक. त्यावरूनच ड्यूक ही पदवी आली आणि ड्यूकच्या अमलाखालच्या मुलखाला 'डुकाटुस' म्हणू लागले. युरोपात शतकानुशतकं चाललेल्या डुकॅट या नाण्याचं नाव मूळचं या मुलखाचं.

सिसिलीचा राजा दुसरा रॉजर याने 1140 मध्ये चांदीचं नाणं काढलं. त्यावर तो स्वतः आणि त्याचा मुलगा, दक्षिण इटलीतल्या अपुलियाचा ड्यूक, असे दोघे उभे आहेत. डुकॅट हे नाव या नाण्यापासून सुरू झालं. पुढे 1200 च्या सुमारास व्हेनिसच्या चांदीच्या नाण्यालाही लोक तेच म्हणू लागले.

सोन्याचा डुकॅट व्हेनिसने ठरवला तो 1284 मध्ये. फ्लोरेन्सचं फ्लोरिन हे सोन्याचं नाणं 1252 पासूनच बाजारात होतं आणि व्हेनिसचे व्यापारी बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, ज्या सोन्याच्या नाण्यांवर विसंबून होते, त्यांत भेसळ वाढत चालली होती. नव्या नाण्याचं वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास होतं आणि सोनं त्या काळी शक्य तितकं शुद्ध. एका बाजूला व्हेनिसचा सत्ताधीश, म्हणजे डोजे, संत मार्कपुढे गुडघे टेकून निशाण स्वीकारतो. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या वेढ्यात ख्रिस्त आणि भोवती लॅटिन ओळ: 'हे ख्रिस्ता, तू राज्य करतोस तो हा मुलूख तुलाच अर्पण असो.' या ओळीचा शेवटचा शब्द 'डुकाटुस'. नाण्याचं नाव त्यावरूनच पडलं, असं सर्रास सांगितलं जातं. ते पटण्यासारखं नाही, कारण नाव त्याआधी जवळजवळ दीडशे वर्षं रुळलेलं होतं. ओळीने ते पक्कं केलं, एवढंच म्हणता येईल.

सोळाव्या शतकात व्हेनिसमध्ये डुकॅट हे हिशेबातलं एकक होऊन बसलं आणि सोन्याच्या नाण्याला 'झेक्कीनो' म्हणू लागले. हा शब्द 'झेक्का', म्हणजे टाकसाळ, यावरून आला. झेक्काचं मूळ अरबी 'सिक्का', आणि आपला शिक्काही तिथलाच. 1797 मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडालं, तोवर सोन्याचा कस जवळपास जसाच्या तसा राखला गेला होता. पाचशे वर्षं हे जपणं ही मोठीच गोष्ट आहे.

म्हणूनच हे नाणं भारतातही चाललं. मिरी आणि कापडाच्या बदल्यात ते तांबड्या समुद्रामार्गे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येई. त्यावरच्या आकृत्यांमुळे आपल्याकडे त्याला 'पुतळी' म्हणत. पुतळ्यांची माळ हा दागिना त्यातूनच आला. पुढे सोनारांनी लक्ष्मीची किंवा रामसीतेची छाप असलेल्या पुतळ्या घडवल्या. व्हेनिसच्या नाण्याच्या हुबेहूब नकलाही इथे झाल्या, पण कारागिरांना लॅटिन लिपी अनोळखी असल्याने त्यांवरच्या अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या. अस्सल नाणं आणि देशी नक्कल यांतला फरक या अक्षरांवरूनच चटकन कळतो.