वर्णद्वेषी चित्रण असलेल्या जुन्या चित्रपटांचे पुनर्प्रदर्शन

एखाद्या वंशाची, वर्णाची किंवा जमातीची हेटाळणी करणारा जुना चित्रपट निर्मितीसंस्थेने पुन्हा चित्रपटगृहात किंवा ओटीटीवर आणावा का, आणि आणलाच तर कोणत्या रूपात, याविषयीचा वाद व त्यातून पडलेल्या पद्धती.

मुंबईचा या वादाशी संबंध फार जुना आहे. वायव्य सरहद्दीवरील बंडखोरांना कपटी आणि ब्रिटिश राजवटीला तारणहार ठरवणारा ‘द ड्रम’ हा अलेक्झांडर कोर्डा यांच्या संस्थेचा रंगीत चित्रपट 1938 मध्ये येथे लागला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, निदर्शने चिघळली आणि खेळ बंद करावे लागले. पुढच्याच वर्षीच्या ‘गंगा दीन’वर मुंबई इलाख्यात बंदी आली. त्यातील भारतीय भिश्ती सॅम जाफ या गोऱ्या नटाने चेहऱ्याला रंग फासून उभा केला होता. हाच चित्रपट 1999 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत जतनासाठी निवडला गेला. जतन योग्यच; पण अशा चित्रपटाची नवी प्रत काढताना मुंबईने केलेला विरोध सोबत सांगितला नाही, तर ‘त्या काळी कोणाला काही खटकत नव्हते’ हा नेहमीचा बचाव खरा वाटू लागतो. खटकत होते, आणि ज्यांचे चित्रण झाले त्यांना सर्वांत आधी खटकले होते. अमेरिकेतही गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा गौरव करणाऱ्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’विरुद्ध कृष्णवर्णीयांच्या संघटनेने 1915 मध्येच, म्हणजे प्रदर्शनाच्या वर्षीच, मोहीम उघडली होती.

स्टुडिओंचे धोरण एकसारखे नाही. डिस्नेने मळ्यावरील कृष्णवर्णीयांचे जिणे गोंडस करून दाखवणारा ‘साँग ऑफ द साउथ’ (1946) अमेरिकेत 1986 नंतर चित्रपटगृहात आणलेला नाही आणि आपल्या ओटीटीवरही ठेवलेला नाही. याच संस्थेने ‘फँटेशिया’मधील कृष्णवर्णीय दासीचे पात्र 1960 च्या दशकात कापून टाकले. गुपचूप केलेली अशी कापाकापी हा सर्वांत वाईट मार्ग होय. त्यात अपमान केल्याचा पुरावाच पुसला जातो. गुलामगिरीला गोंडस रूप देणारा ‘गॉन विथ द विंड’ जून 2020 मध्ये एचबीओ मॅक्स या ओटीटीवरून काढला गेला आणि त्याच महिन्यात, एकही दृश्य न कापता, चित्रपट-अभ्यासक जॅकलिन स्टुअर्ट यांच्या प्रास्ताविकासह परतला. या चित्रपटासाठी ऑस्कर मिळवणाऱ्या कृष्णवर्णीय अभिनेत्री हॅटी मॅकडॅनियल यांना वर्णभेदी नियमांमुळे अटलांटातील पहिल्या खेळाला जाता आले नव्हते. असा तपशील चित्रपटाआधी झळकणाऱ्या दोन ओळींच्या सूचनेत मावत नाही, म्हणून नुसत्या पाटीपेक्षा प्रास्ताविक सरस.

मुंबईच्या स्टुडिओंनीही हे मनावर घेतले पाहिजे. गोऱ्या नायिकेला काळपट मेकअप करून आदिवासी ठरवणे, पिसे खोचलेल्या टोळीला ‘झिंगालाला’ म्हणत नाचवणे, सावळ्या रंगावरून विनोद करणे हे येथे दशकानुदशके चालले, आणि ते चित्रपट आजही दाखवले जातात. त्यांच्याआधी सिगारेट-दारूविषयीची सूचना येते. आदिवासींच्या चित्रणाविषयी सहसा एक शब्दही येत नाही. चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र 2023 च्या कायदादुरुस्तीनुसार कायमस्वरूपी वैध असते. त्यामुळे जुना चित्रपट पुन्हा लावताना नव्याने तपासणीची गरज उरत नाही. प्रास्ताविक जोडावे का, आणि ते ज्या समाजाचे चित्रण आहे त्यातील अभ्यासकाकडून घ्यावे का, हा निर्णय हक्कधारक निर्मात्याच्याच हाती राहतो.