वॉलेट आहे पण त्यात पैसे नाहीत: प्रायव्हेट ब्लॉकचेनला ॲप जोडताना काय होतं

"तुझ्या वॉलेटमध्ये किती कॉइन आहेत?" मी ब्लॉकचेनवर काम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न हाच असतो, आणि दरवेळी सांगावं लागतं की आमच्याकडे कॉइन नाही, मायनिंग (कॉम्प्युटर राबवून नवे कॉइन कमावणं) नाही, वॉलेट आहे पण त्यात पैसे ठेवायला जागाच नाही. दुसरा गैरसमज प्रोग्रामिंग येणाऱ्यांचा. त्यांना वाटतं की ब्लॉकचेन म्हणजे एक वेगळ्या प्रकारचा डेटाबेस, पत्ता द्यायचा, युजरनेम पासवर्ड द्यायचा, झालं ॲप कनेक्ट. मग पहिल्याच दिवशी पाच सहा फायली, तीन चार सर्टिफिकेटं (डिजिटल ओळखपत्रं) आणि न समजणारे एरर समोर आले की म्हणतात हे उगाच अवघड करून ठेवलंय. उगाच नाहीये. त्या प्रत्येक फायलीमागे एक कारण आहे आणि मला ते कारणच जास्त आवडतं, म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी, पटकन सांगतो. ब्लॉकचेन म्हणजे अनेकांनी मिळून ठेवलेली नोंदवही, तिच्यात नोंदी ब्लॉक नावाच्या गठ्ठ्यांनी एकामागे एक जोडल्या जातात. बिटकॉइनचा पहिला ब्लॉक ३ जानेवारी २००९ चा, आणि त्या नेटवर्कमध्ये कोणीही नाव न सांगता येऊ शकतं. कंपन्यांना हे परवडत नाही. समजा एक औषध कंपनी, एक वाहतूक कंपनी आणि एक हॉस्पिटल यांना मिळून एकच नोंदवही ठेवायचीय, कुठली खेप कधी निघाली, कोणाच्या हातात गेली वगैरे, पण तिघांचा एकमेकांवर पूर्ण भरवसा नाही आणि चौथ्या कोणाच्या सर्व्हरवर ती वही ठेवायला कोणीच तयार नाही. अशांसाठी प्रायव्हेट किंवा परवानगीवाली ब्लॉकचेन. त्यातली बरीच वापरली जाणारी म्हणजे हायपरलेजर फॅब्रिक, लिनक्स फाउंडेशनने डिसेंबर २०१५ मध्ये हायपरलेजर प्रकल्प जाहीर केला आणि फॅब्रिकची १.० आवृत्ती जुलै २०१७ मध्ये आली. यात प्रत्येक संस्था आपली प्रत आपल्या मशीनवर ठेवते, त्या मशीनला पीअर म्हणतात. व्यवहार कुठल्या क्रमाने लिहायचे हे ठरवणाऱ्या मशीनला ऑर्डरर म्हणतात. नियम लिहिलेला प्रोग्राम म्हणजे चेनकोड. आणि आपलं ॲप, म्हणजे क्लायंट, या सगळ्याच्या बाहेर उभं असतं, त्याच्याकडे वहीची प्रत नसते.

पूर्वी या बाहेर उभ्या असलेल्या ॲपला अख्ख्या नेटवर्कचा नकाशा पाठ असावा लागायचा. कनेक्शन प्रोफाइल नावाची एक लांबलचक फाइल असायची, त्यात कुठल्या संस्था आहेत, त्यांचे पीअर कुठे आहेत, ऑर्डरर कुठे, सर्टिफिकेट देणारं केंद्र कुठे, सगळ्यांचे पत्ते आणि पोर्ट (मशीनवरचे दार क्रमांक). सरावासाठी जे तयार टेस्ट नेटवर्क मिळतं त्यात पहिल्या संस्थेचा पीअर ७०५१ वर, दुसऱ्या संस्थेचा ९०५१ वर आणि ऑर्डरर ७०५० वर असतो, हे आकडे ज्यांनी काम केलंय त्यांना झोपेतही आठवतात. २.४ आवृत्तीपासून पीअरच्या आतच गेटवे नावाची सोय आली, आता ॲपने एका पीअरशी कनेक्शन केलं तरी पुरतं, बाकी कोणाकोणाला विचारायचं ते तो पीअर बघतो. फाइल छोटी झाली. पण जे मुळातलं आहे ते तसंच राहिलं, आणि ते म्हणजे दोन प्रश्न: मी ज्याच्याशी बोलतोय तो खरंच तोच आहे का, आणि मी कोण आहे हे त्याला कसं पटवू.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर टीएलएस देतं, ब्राउझरमध्ये कुलुपाचं चिन्ह बघितलं असेल तेच तंत्र. फरक एवढाच की ब्राउझरला जगभरातली मान्य सर्टिफिकेट केंद्रं आधीच माहीत असतात, इथे मात्र प्रत्येक संस्था साधारणपणे स्वतःचं केंद्र चालवते, त्यामुळे त्या केंद्राचं मूळ सर्टिफिकेट ॲपला हातात द्यावं लागतं. त्यात आणखी एक भानगड. सर्टिफिकेटवर पीअरचं नाव कोरलेलं असतं, आणि आपण डेव्हलपमेंट करताना त्याच पीअरला लोकलहोस्ट (म्हणजे 'हेच मशीन') म्हणून हाक मारतो, नावं जुळत नाहीत, कनेक्शन तुटतं. यासाठी सेटिंगमध्ये वेगळं सांगता येतं की पत्ता हा आहे पण सर्टिफिकेटवर नाव ते बघ. एवढी एक ओळ घातली की काम होतं.

पण ती ओळ शोधण्याऐवजी लोक काय करतात तर टीएलएसच बंद करून टाकतात. नाहीतर सगळे कंटेनर (नेटवर्कचे भाग ज्यात चालतात ते बंदिस्त डबे) पाडून नेटवर्क पुन्हा उभं करतात, "एकदा खाली घे, वर घे, चालतं" हा सल्ला तर मंत्रासारखा फिरतो. हा निव्वळ तोडगा आहे, लिंबू मिरची टांगण्यातला प्रकार. कधी कधी चालतं कारण नेटवर्क पुन्हा उभं करताना सगळी सर्टिफिकेटं नव्याने बनतात आणि त्यात मूळची चूक योगायोगाने पुसली जाते. आणि कित्येकदा नवीन बिघाड होतो तोही याच कारणाने, ॲपच्या वॉलेटमध्ये, म्हणजे ॲपची ओळख ठेवतात तिथे, जुन्या केंद्राने दिलेलं सर्टिफिकेट पडून असतं आणि नवीन नेटवर्क त्याला ओळखत नाही. कारण समजून घेतलं तर दहा मिनिटांचं काम आहे.

आता वॉलेट. त्यात तीन गोष्टी असतात. एक सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र. एक प्रायव्हेट की, म्हणजे सही करायची गुप्त किल्ली. आणि आपण कुठल्या संस्थेचे आहोत त्याचं नाव, त्याला एमएसपी आयडी म्हणतात. फॅब्रिकचं नेहमीचं सर्टिफिकेट केंद्र साधं ओळखपत्र देतं ते डीफॉल्टने एक वर्षाचं, त्यामुळे वर्षभर गुण्यागोविंदाने चाललेलं ॲप एका सकाळी काहीही न बदलता बंद पडलं तर आधी तारीख बघा.

पासवर्ड कुठेच नाही हे लक्षात आलं का? पासवर्ड समोरच्याला सांगावा लागतो, सही नाही. किल्ली ॲपकडेच राहते, ती गेटवेलाही दिसत नाही. ॲपने बटण दाबून "खेप मिळाली" असं नोंदवलं तर ॲप त्या एका व्यवहारासाठी तीन वेळा सही करतं. पहिली सही प्रस्तावावर: मला हे लिहायचंय, तुमचं मत द्या. हा प्रस्ताव नियमाप्रमाणे ठरलेल्या संस्थांच्या पीअरकडे जातो, ते चेनकोड चालवून बघतात, निकालावर आपापली सही करतात, वही अजून कोरीच. दुसरी सही या सगळ्यांच्या सह्या जमलेल्या लिफाफ्यावर, आणि तो लिफाफा ऑर्डररकडे. तिसरी सही "झालं का?" असं विचारायला. चौकशीलासुद्धा सही, कारण या नेटवर्कमध्ये नुसतं विचारायलाही तुम्ही कोण ते सिद्ध करावं लागतं.

या सहीतच एक गंमत दडलीय. मला ती खूप महागात शिकायला मिळाली, म्हणून जरा खोलात जातो. एका प्रकल्पात किल्ली फाइलमध्ये ठेवायची नाही, वेगळ्या सुरक्षित उपकरणात ठेवायची असं ठरलं, गेटवे तशी मुभा देतो, सही करणारं फंक्शन तुम्ही स्वतःचं देऊ शकता. मी दिलं. सही गणिताने बरोबर होती, तपासून बघितली होती. तरी व्यवहार बहुतेक वेळा नाकारला जायचा, आणि मधूनच एखादा पार पडायचा. एरर परवानगी नाकारल्याचा. मी दोन दिवस परवानग्याच तपासत बसलो, आणि परवानग्यांमध्ये काहीही चूक नव्हती.

झालं होतं असं. फॅब्रिकमध्ये साधारणपणे जी सही वापरतात, तिचं नाव ईसीडीएसए, ती दोन प्रचंड मोठ्या आकड्यांची जोडी असते, आर आणि एस. हे आकडे एका वक्राच्या गणितातून येतात, आणि तो वक्र आडव्या अक्षाच्या वर आणि खाली अगदी आरशासारखा सारखा असतो. वरच्या भागातला एक बिंदू घ्या, त्याच्या बरोबर खाली दुसरा बिंदू असतोच, दोघांचा आडवा आकडा एकच, उभा फक्त उलट. सहीतला आर हा आडव्या आकड्यावरूनच बनतो, म्हणजे बिंदू वरचा की खालचा हे त्यात कुठे लिहिलेलंच नाही. परिणाम असा की एन हा त्या वक्राचा ठरलेला आकडा धरला (७८ अंकी आहे) तर एस च्या जागी एन वजा एस लिहिलं तरी सही खरीच ठरते. म्हणजे तुमची किल्ली हातात नसताना कोणीही तुमच्या सहीचं दुसरं, तितकंच खरं रूप बनवू शकतो! मजकूर बदलत नाही, पण सहीचे बाइट बदलतात. बिटकॉइनमध्ये यावरून बराच त्रास झाला होता कारण तिथे व्यवहाराचा नंबर काढताना सहीसुद्धा हिशोबात यायची, सही बदलली की नंबर बदलला, ऑगस्ट २०१७ मध्ये सेगविट हा बिटकॉइनच्या नियमांतला बदल लागू झाला त्यात यावर मोठा उपाय झाला. फॅब्रिकने सरळ नियम केला: दोन रूपांपैकी ज्यात एस हा एन च्या निम्म्याहून जास्त नाही तेच चालेल, दुसरं नाही. माझं उपकरण कुठलंही एक रूप द्यायचं, निम्म्या वेळा बरोबर, निम्म्या वेळा चूक. आणि एका व्यवहाराला तीन सह्या. अर्धा गुणिले अर्धा गुणिले अर्धा. तिन्ही पायऱ्या बिनचूक पार पडणार त्या आठातल्या एकाच वेळी! एस मोठा असेल तर एन मधून वजा कर, अशी एक ओळ घातली आणि सगळं चालू लागलं. त्या रात्री मला एररच्या मजकुरापेक्षा आठात एक हे प्रमाणच जास्त बोलकं वाटलं.

आता इतकी काटेकोर सही आहे म्हटल्यावर कोणी म्हणेल ब्लॉकचेनवर आहे म्हणजे खरंच असणार. तसं नाही. सही सांगते की हे कोणी लिहिलं, लिहिलेलं खरं आहे का ते सांगत नाही. खोक्यात चुकीचं औषध भरून कोणी बरोबर औषधाची नोंद केली तर ती नोंद कायमची आणि सहीनिशी चुकीची राहते. आणि तंत्र चाललं म्हणजे प्रकल्प चालतोच असंही नाही. मेर्स्क आणि आयबीएम यांचं जहाज वाहतुकीसाठीचं ट्रेडलेन्स २०१८ मध्ये सुरू झालं, मोठी नावं, तंत्रही फॅब्रिकचं, पण अख्ख्या उद्योगाचं जे सहकार्य लागतं ते जमलं नाही असं सांगून नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद करायचं जाहीर झालं. ब्लॉकचेन लावली की सगळे आपोआप एकत्र येतील असं विकणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर बघावं.

परत कनेक्शनकडे. एक सेटिंग लोक सर्वात कमी वाचतात ते म्हणजे टाइमआउट, उत्तराची किती वेळ वाट बघायची ते. नमुना कोडमध्ये प्रस्तावावर मतं जमवायला १५ सेकंद, लिफाफा पाठवायला ५ सेकंद आणि निकाल कळायला १ मिनिट दिलेलं असतं. हे वेगवेगळे का? कारण लिफाफा ऑर्डररने घेतला म्हणजे व्यवहार झाला असं नसतं, तो ब्लॉकमध्ये जातो, ब्लॉक प्रत्येक पीअरकडे पोचतो आणि तिथे पुन्हा तपासणी होते. मत देताना खेपेची जी नोंद वाचली होती ती मधल्या काळात दुसऱ्या कोणी बदलली असेल तर आपला व्यवहार रद्द ठरतो. ब्लॉकमध्ये तो राहतो, पण रद्द असा शिक्का मारून. अशा वेळी तोच लिफाफा परत पाठवून उपयोग नाही, त्यातलं वाचलेलं शिळं झालेलं असतं. नवा प्रस्ताव, नवी मतं, पहिल्यापासून.

आणि निकालाचं ते एक मिनिट उत्तर न येता संपलं तर? तेव्हा मात्र घाईने नवा प्रस्ताव पाठवू नका, नाहीतर एकाच खेपेची नोंद दोनदा व्हायची. व्यवहाराचा नंबर फॅब्रिकमध्ये सर्व्हर देत नाही, ॲप स्वतः बनवतं, २४ बाइटचा एक यादृच्छिक आकडा आणि आपलं ओळखपत्र एकत्र करून त्याचा हॅश, म्हणजे त्यातून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा. म्हणजे लिफाफा पाठवायच्या आधीच तो नंबर तुमच्याकडे असतो. तो जपून ठेवा, कनेक्शन परत आलं की त्याच नंबरने विचारा, झालं की रद्द ठरलं, पीअर सांगेल.