कृष्णधवल फिल्ममध्ये अडकलेला रंग

जुनी कृष्णधवल दृश्यं 'एआयने मूळ रंगांत आणली' अशा ओळीसह रोज कुणी ना कुणी पुढे पाठवतं. त्यातला 'मूळ' हा शब्द साफ चुकीचा आहे. टीव्हीच्या हिशेबात उजळपणा म्हणजे 0.299 लाल, 0.587 हिरवा आणि 0.114 निळा यांची बेरीज. बेरीज कळली म्हणून तिन्ही आकडे उलगडत नाहीत. एकाच राखाडी छटेमागे असंख्य रंग असू शकतात, आणि प्रोग्रॅम त्यातला एक अंदाजाने भरतो. चेहरा गव्हाळ, पान हिरवं, इथवर ठीक. साडी कोणत्या रंगाची होती, हे त्याला कळायला मार्गच नाही.

पण काही कृष्णधवल फिल्मांवरून खरा रंग अक्षरशः मोजून काढता येतो. त्याचं माझं सर्वात आवडतं उदाहरण म्हणजे बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेतल्या 'प्लॅनेट ऑफ द डालेक्स' या सहा भागांच्या कथेचा तिसरा भाग.

हा भाग 21 एप्रिल 1973 रोजी रंगीत प्रसारित झाला. डॉक्टरच्या भूमिकेत जॉन पर्टवी होते. पुढे त्याची दोन इंची व्हिडिओटेप पुसून दुसऱ्या कामाला लावली गेली. टेप महाग होत्या आणि पुनःप्रसारणाच्या हक्कांवर मर्यादा होत्या, त्यामुळे त्या काळी बीबीसीत हे सर्रास चालायचं. उरली ती परदेशी विक्रीसाठी काढलेली 16 मिमी कृष्णधवल फिल्म. ती काढायची पद्धत सरळ होती: मॉनिटरवर कार्यक्रम लावायचा आणि समोरच्या फिल्म कॅमेऱ्याने तो टिपायचा. याला टेलिरेकॉर्डिंग म्हणत.

रंग वाचला तो इथे. पाल या रंगीत टीव्ही प्रसारणाच्या पद्धतीत रंगाची माहिती 4.43361875 मेगाहर्ट्झच्या एका लहरीवर, म्हणजे सबकॅरिअरवर, बसवून उजळपणाच्या सिग्नलमध्येच मिसळलेली असते. आपल्या दूरदर्शननेही 1982 पासून हीच पद्धत वापरली; जुने रंगीत टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांना 4.43 चा क्रिस्टल चांगलाच ओळखीचा असेल. कृष्णधवल मॉनिटरला ही लहर रंग म्हणून समजत नाही. तो तिला उजळपणातले बारीक चढउतार मानतो आणि पडद्यावर ठिपक्यांची जाळी उमटते. गडद लाल कापडावर ठिपके ठळक दिसतात, राखाडी भिंतीवर ते नसतातच. रेकॉर्डिंगच्या वेळी हे ठिपके काढणारा फिल्टर लावणं अपेक्षित असे. अनेकदा तो लावला गेला नाही, आणि ठिपके फिल्मवर उतरले.

मग ते वाचणं इतकं अवघड का? लहरीची उंची रंगाचा गडदपणा सांगते आणि तिची कला, म्हणजे आवर्तनातलं नेमकं स्थान, रंग कोणता ते सांगते. टीव्हीचं चित्र आडव्या ओळींनी एकेक करून रेखलं जातं. एका ओळीचे 64 मायक्रोसेकंद, त्यात चित्राच्या वाट्याला 52. म्हणजे चित्राच्या एका ओळीत सुमारे 230 आवर्तनं बसतात. 16 मिमी फिल्मवरचं चित्र साधारण 10 मिमी रुंद असतं. पाव आवर्तन म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग. तेवढं सरकलं की कला 90 अंशांनी चुकते आणि लालचा भलताच रंग होतो. मॉनिटरची काच फुगीर, फिल्म कॅमेऱ्यात किंचित हललेली, पुढे वर्षानुवर्षं आकसलेली. शिवाय टीव्हीला कला जुळवायला प्रत्येक ओळीच्या आधी सुमारे 10 आवर्तनांचा नमुना मिळतो. तो चित्राच्या चौकटीबाहेर असतो, त्यामुळे फिल्मवर आलेलाच नाही.

या कोंडीतून वाट काढली बीबीसीचे माजी अभियंता रिचर्ड रसेल यांनी. ठिपक्यांतून रंग काढण्याची कल्पना जेम्स इन्सेल यांनी लावून धरली होती. त्यासाठी जमलेल्या अनौपचारिक गटात रसेल होते. त्यांची युक्ती कळायला पालचं एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावं लागतं.

रंगाचे दोन घटक असतात: निळ्याशी निगडित यू आणि लालशी निगडित व्ही. एका ओळीत सबकॅरिअरची 283.75 आवर्तनं होतात (प्रतिसेकंद 25 ची बारीक दुरुस्ती सोडून देऊ), म्हणून पुढच्या ओळीत यूचे ठिपके पाव आवर्तनाने एका बाजूला सरकतात. व्हीची दिशा मात्र पालमध्ये एकाआड एक ओळीत उलटवलेली असते. उलटवणं म्हणजे अर्ध्या आवर्तनाची भर. त्यामुळे व्हीचे ठिपके पाव आवर्तनाने दुसऱ्या बाजूला सरकतात. परिणाम असा, की यूची जाळी एका अंगाला तिरकी आणि व्हीची विरुद्ध अंगाला. रांगोळीचा भोकांचा कागद जरा सरकला तर ठिपक्यांच्या जागा बदलतात, तिरक्या रांगांचा कल तोच राहतो, तसंच इथे. जागेचा भरवसा नसला तरी तिरकेपणाचा आहे. चित्राचं दोन मितींत फूरिए रूपांतर केलं, म्हणजे त्यातल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या नक्ष्या दाटपणा आणि दिशेनुसार गणिताने वेगळ्या केल्या, की दोन्ही जाळ्या आलेखावर वेगवेगळ्या जागी पडतात आणि यू, व्ही किती मोठे आहेत ते स्वतंत्रपणे मोजता येतं.

चिन्ह मात्र कळत नाही. यू धन की ऋण, व्ही धन की ऋण, अशा चार शक्यता उरतात. गोरी त्वचा म्हणजे यू ऋण आणि व्ही धन. व्हीचं चिन्ह चुकलं तर चेहरा हिरवा, यूचं चुकलं तर जांभळा, दोन्ही चुकली तर निळसर. हा निर्णय माणूस चित्र पाहून देऊ शकतो. पुढची फ्रेमही वाऱ्यावर नसते: एका फ्रेममध्ये 177344.75 आवर्तनं, म्हणजे दर फ्रेमला पाऊण आवर्तनाचा ठरलेला सरक आणि चार फ्रेमनंतर तीच जाळी पुन्हा. या भागाच्या बाबतीत पडताळ्यालाही आधार होता, कारण कथेचे उरलेले पाचही भाग रंगीत टिकून आहेत. स्पिरिडॉन ग्रहावरच्या अदृश्य रहिवाशांचे फरचे झगे जांभळे आहेत हे त्यांत स्वच्छ दिसतं. दोन्ही चिन्हं उलटली असती तर ते हिरवे झाले असते.

अडचणी तरीही पुष्कळ. अगदी काळ्या आणि अगदी उजळ भागांत फिल्मचा प्रतिसाद दबतो, तिथे ठिपके पुसट आणि रंग फिका. फिल्मच्या कणांची गल्लत ठिपक्यांशी होते. बारीक चौकड्याच्या कापडातही तितकेच दाट चढउतार असतात, त्यामुळे तिथे नसलेला रंग उगवतो. म्हणूनच 2009 च्या डीव्हीडीसाठी या भागात मोजलेला रंग आणि संगणकावर भरलेला रंग यांचा मेळ घातला गेला. त्याआधी, डिसेंबर 2008 मध्ये, 'डॅड्स आर्मी' या विनोदी मालिकेचा एक भाग याच तंत्राने रंगीत होऊन बीबीसी टूवर दाखवला गेला होता. 'डॉक्टर हू'च्याच 'द माइंड ऑफ इव्हिल' या कथेचे दोन ते सहा भाग 2013 मध्ये असेच परतले; पहिल्या भागात कामाचे ठिपके नव्हते, तो हाताने रंगवावा लागला.

जुन्या टेलिरेकॉर्डिंगचं डिजिटायझेशन करणाऱ्यांनी यातून एक काळजी घ्यावी. स्कॅन एचडी किंवा त्याहून सूक्ष्म हवा. 4:3 चित्राला रुंदीत 1440 बिंदू मिळाले तर एका आवर्तनाला सहा पडतात. आणि मूळ स्कॅनवर नॉइज रिडक्शन लावू नये, कारण त्या सॉफ्टवेअरला हे ठिपके कचराच वाटतात आणि ते पहिल्याच फेरीत पुसले जातात.