पार्श्वभूमी: उंट, त्याची चाल आणि २०१५चा कायदा

जत, आटपाडी, माण, खटाव हे कायमचे अवर्षणाचे तालुके. बाभळी-बोरी आणि उघडा माळ उंटाला मानवायला हवा होता, तरी तो इथे रुजला नाही. धनगरांच्या वाड्याचा संसार आजही घोड्याच्याच पाठीवर असतो. आपल्याला उंट दिसतो तो जत्रेत पोरांना फिरवताना, नाहीतर रस्त्याने पुढे जाताना.

त्याचे एक कारण पायात आहे. दोन बोटांखालची रुंद, मऊ गादी रेतीवर पसरते, पण पावसाळ्यातल्या काळ्या रानात उंट घसरतो. दुसरे कारण सर्रा. चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा हा रोग दमट, पाणथळ भागात त्याला फार छळतो.

एका वशिंडाचा उंट अरबस्तानात सुमारे ३,००० वर्षांपूर्वी माणसाळला. वशिंडात चरबी असते, हे शाळेतच झालेले असते. मराठी दौलतीच्या अठरा कारखान्यांत, म्हणजे सरकारी खात्यांत, उंटांचा उष्ट्रखाना होता आणि तातडीची पत्रे सांडणीस्वार, म्हणजे उंटावरचे जासूद, नेत. एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलण्याच्या चालीमुळे स्वार डुलतो खरा, पण मजल लांबची मारता येते. उंट बसला की सगळा भार छातीखालच्या आणि गुडघ्यांवरच्या जाड घट्ट्यांवर येतो, अंग तापलेल्या जमिनीपासून वर राहते. पानिपतावर १७६१ मध्ये अफगाण फौजेने उंटांच्या पाठीवरच्या हलक्या तोफाही वापरल्या.

पुढे मोटारी आल्या, ट्रॅक्टर आले आणि ओझ्याचा उंट मागे पडला. खरा वाद मात्र अलीकडचा आहे. राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्यप्राण्याचा दर्जा दिला आणि २०१५ मध्ये कायदा करून त्याच्या कत्तलीवर बंदी घातली. इथवर कोणाची तक्रार असण्याचे कारण नव्हते. पण त्याच कायद्याने उंट राज्याबाहेर नेण्यावरही बंधन आले. चराईला, शेतीकामाला, जत्रेला न्यायचा तरी परवानगी लागू लागली. उंटपाळाचे उत्पन्न मुख्यतः नर विकून येई. गिऱ्हाईक बाहेरचे, आणि तीच वाट अडली. पुष्करच्या बाजारात भाव कोसळले. न विकलेला नर पोसायचा कसा, याचे उत्तर कायद्यात नव्हते.

उंटांची घट आधीपासूनच होती, हे कायद्याच्या बाजूने सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण २०१२च्या पशुगणनेत देशात सुमारे ४ लाख उंट होते, ते २०१९ मध्ये अडीच लाखांवर आले. वाचवायला केलेल्या कायद्याने ही घसरण थांबवली नाही, एवढे तरी मान्य करायला हवे.

मुळात हा फिरून जगणारा प्राणी. एका झाडाचे चार घास घेऊन तो पुढच्या झाडाकडे वळतो. अंगाचे तापमान ३४ ते ४० अंशांपर्यंत वरखाली होऊ देतो, म्हणजे घामात पाणी कमी जाते. वजनाच्या चौथ्या हिश्श्याइतके पाणी गमावूनही चालत राहतो आणि पाणवठा लागला की एका दमात शंभर लिटर पितो. रक्तातल्या तांबड्या पेशी लांबट असल्याने त्या एवढ्या पाण्याने फुटत नाहीत.

या फिरण्याकडेच आता संशयाने पाहिले जाते. २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात ५८ उंट कत्तलीला चालल्याच्या संशयावरून अडवले गेले. ते पाळणाऱ्यांचे म्हणणे होते, आम्ही पिढीजात पशुपालक आहोत. प्रकरण न्यायालयात गेले.