ब्रुअरीची रेसिपी आणि क्लोनची रेसिपी

"दादा, रेसिपी खुद्द ब्रुअरनं दिलेली आहे. ग्रॅम न् ग्रॅम मोजून घातला. तरी बियर प्लायनीसारखी लागत नाही." उत्तर कॅलिफोर्नियात घरी बियर बनवणारे आम्ही काही मराठी लोक अधूनमधून जमतो. तिथे नवीन आलेल्या कुणाकडून तरी हे वाक्य ऐकायला मिळतंच. बोलणाऱ्याचा चेहरा पडलेला असतो. पाच-सहा तास उभं राहून काम केलेलं असतं, महागाचे हॉप्स, म्हणजे बियरला कडूपणा आणि वास देणारी फुलं, ओतलेले असतात, तीन-चार आठवडे वाट पाहिलेली असते.

मला वाटतं, या निराशेचं मूळ एका शब्दात आहे. 'खरी रेसिपी' आणि 'क्लोन रेसिपी' हे आपण एकाच अर्थानं बोलतो. ब्रुअरीची रेसिपी म्हणजे त्यांच्या भांड्यांत, त्यांच्या पाण्यात, त्यांच्या पद्धतीनं काय काय घडतं याची नोंद. क्लोन रेसिपी म्हणजे त्यांच्या ग्लासातली चव माझ्या भांड्यातून कशी निघेल याचं उत्तर. पहिलीची सुरुवात कोठारातल्या माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून, होते. दुसरीची सुरुवात ग्लासापासून होते आणि ती उलटी चालत माल्टपर्यंत जाते. कधीकधी दोन्ही कागदांवर जवळपास तेच आकडे येतात, म्हणून गोंधळ होतो.

प्लायनीचंच घ्या. सांता रोझाच्या रशियन रिव्हर ब्रुइंगची 'प्लायनी द एल्डर' ही ८ टक्के अल्कोहोलची डबल आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्स घातलेली कडक बियर. ती बनवणाऱ्या विनी सिलुर्झो यांनी २००९ मध्ये अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशनच्या द्वैमासिकात घरगुती मापाची रेसिपी स्वतः दिली. एवढ्या मागणीच्या बियरची रेसिपी उघडपणे देऊन टाकणारा ब्रुअर मला फार मोठा वाटतो. त्यात कडूपणासाठी ९० मिनिटं उकळायला साडेतीन औंस, म्हणजे जवळपास १०० ग्रॅम, कोलंबस हॉप्स आहेत. आच बंद करताना सिमको आणि सेंटेनियल, आणि नंतर दोन टप्प्यांत ड्राय हॉपिंग, म्हणजे न उकळता थंड बियरमध्येच हॉप्स टाकणं. सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, १.०७०, शेवटची १.०११. आणि पाऊण पौंड, म्हणजे ३४० ग्रॅम, डेक्स्ट्रोज साखर.

ही साखर नवशिक्यांना खटकते. 'साखर घालणं म्हणजे भेसळ' असं मनात बसलेलं असतं, म्हणून ते ती गाळून तेवढं माल्ट वाढवतात आणि बियर जड, गोडसर होते. साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं, मागे काही उरत नाही. म्हणूनच ८ टक्के असूनही प्लायनी घशाखाली कोरडी, हलकी उतरते. रेसिपीतली एक ओळ का आहे हे कळलं नाही, तर ती पाळूनही उपयोग नाही आणि बदलली तर नुकसान ठरलेलं.

पण साखर घातली, सगळं पाळलं, तरी फरक राहतो. माझ्या पहिल्या प्लायनीत कडूपणा होता, पण तो जिभेच्या मध्यावर भरत नव्हता. सुरुवातीला टोचायचा आणि विरून जायचा. कारण मला 'आच बंद करताना' या तीन शब्दांत सापडलं.

मोठ्या ब्रुअरीत आच बंद झाली की हजारो लिटर वॉर्ट, म्हणजे माल्टचं न आंबलेलं गोड पाणी, गोल फिरवतात, म्हणजे हॉप्सचा आणि प्रथिनांचा गाळ मधोमध ढिगासारखा बसतो. मग ते हीट एक्स्चेंजरमधून थंड होत फर्मेंटरकडे, म्हणजे आंबवण्याच्या टाकीकडे, जातं. यात पाऊण तास, तासभरही सहज जातो, आणि तेवढा वेळ ते उकळीच्या आसपासच असतं. हॉप्समधली आम्लं कडू व्हायला उकळीच लागते असं नाही. साधारण ८० अंश सेल्सिअसच्या वर हळूहळू ते काम चालूच राहतं. म्हणजे त्यांचे 'शून्य मिनिटांचे' हॉप्स प्रत्यक्षात बराच कडूपणा सोडतात. माझ्या १९ लिटरच्या बॅचमध्ये तांब्याचं वेटोळं सोडलं, नळ चालू केला, की वीस मिनिटांत वॉर्ट कोमट. माझं शून्य खरोखरच शून्य होतं. पुढच्या वेळी आच बंद करून हॉप्स टाकले, झाकण ठेवलं आणि अर्धा तास हात लावला नाही. मग वेटोळं सोडलं. रेसिपीचा एकही आकडा न बदलता बियर बदलली.

बाकीची कारणं थोडक्यात सांगतो. मोठ्या यंत्रणेत धान्यातली ९० टक्क्यांहून जास्त साखर निघते, घरी ७० ते ७५ टक्के. त्यामुळे ब्रुअरीच्या किलोंना नुसतं भागून घेतलं की बियर पातळ होते. टक्केवारी घ्यावी आणि किलो आपल्या भांड्याप्रमाणे काढावेत. हॉप्सचं आम्ल दरवर्षीच्या पिकागणिक बदलतं. कॅस्केड जातीच्या हॉप्समध्ये कधी साडेचार टक्के, कधी सात. पाकिटावरचा आकडा पाहून वजन ठरवायचं असतं. आणि पाण्यातलं सल्फेट. ते कमी असेल तर हॉप्सचा कडूपणा बोथट लागतो.

हे सगळं एका बियरनं फार मोठ्या प्रमाणावर दाखवून दिलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅम्प फायरच्या वणव्यात ब्यूट काउंटीतलं पॅराडाइज हे गाव जवळजवळ पूर्ण जळून गेलं. जवळच्याच चिको शहरातल्या सिएरा नेवाडा ब्रुअरीनं मदतीसाठी 'रेझिलियन्स' नावाची आयपीए बनवली आणि तिची रेसिपी सगळ्यांना देऊन टाकली: तुम्हीही बनवा, विक्रीचे पैसे मदतीला द्या. हजाराहून जास्त ब्रुअरीज पुढे आल्या. मी त्या हिवाळ्यात तीन ठिकाणची रेझिलियन्स प्यायलो. तेच सेंटेनियल, तेच कॅस्केड. एकीत कॅरॅमल पुढे येत होतं, दुसरीत संत्र्याच्या सालीसारखा वास होता, तिसरी नुसती कडू. तिन्ही रेझिलियन्सच होत्या आणि तिन्ही बनवणारे कसलेले होते. त्यांतल्या कुणालाही सिएरा नेवाडाच्या ग्लासाची हुबेहूब नक्कल करायची नव्हती, आणि गरजही नव्हती. ती ब्रुअरीची रेसिपी होती, क्लोन नव्हता.

आता दुसऱ्या बाजूला येऊ, आणि उदाहरण त्याच चिकोचं घेऊ. 'सिएरा नेवाडा पेल एल' १९८० पासून बनते आहे. संस्थापकांपैकी केन ग्रॉसमन यांचं त्याआधी चिकोमध्ये घरगुती ब्रुइंगच्या सामानाचं दुकान होतं, म्हणजे ही बियर आपल्यासारख्यांच्याच अंगणातली. तिचा क्लोन करताना मी रेसिपी शोधत बसत नाही, बाटली उघडतो.

बाटलीवर ५.६ टक्के लिहिलेलं असतं. मी एक ग्लास बियर दोन भांड्यांत वरून खाली ओतत राहतो, चहा निववतात तशी, म्हणजे त्यातला गॅस निघून जातो. मग ती खोलीच्या तापमानाला आणून त्यात हायड्रोमीटर, म्हणजे ग्रॅव्हिटी मोजणारी तरंगती नळी, सोडतो. तो १.०११ च्या आसपास थांबतो. आता हिशेब सोपा: ५.६ ला १३१.२५ ने (ग्रॅव्हिटीतल्या फरकावरून अल्कोहोल काढायचा ठरलेला गुणक) भागलं की ०.०४२७ येतात, ते १.०११ मध्ये मिळवले की सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०५३ ते १.०५४. एका पैशाची गोपनीय माहिती न मिळवता बियरची सुरुवात आणि शेवट दोन्ही हातात आले. बियर कितपत आंबली हेही कळलं, आणि त्यावरून मॅशचं, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवण्याचं, तापमान ठरवता येतं. रंग पांढऱ्या कागदासमोर ग्लास धरून जुळवतो. कडूपणा ३८ आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक) असल्याचं ब्रुअरीच सांगत आली आहे. वास घेतला की ग्रेपफ्रूटची साल आणि थोडी पाइनची झाक, म्हणजे कॅस्केड, आणि तेही शेवटी टाकलेलं.

इथून पुढे मी माझी रेसिपी लिहितो. पेल माल्ट, दहाएक टक्के कॅरॅमल माल्ट, कडूपणासाठी पर्ल हॉप्स, शेवटच्या दहा मिनिटांत आणि आच बंद करताना कॅस्केड. ब्रुअरी आतमध्ये नेमकं असंच करते का, हा प्रश्न क्लोनसाठी दुय्यम आहे. ग्लास जुळला तर रेसिपी बरोबर.

एक गोष्ट मात्र ग्लासातून ओळखण्याऐवजी सरळ उचलता येते, आणि तिच्यावर माझा फार जीव आहे. ती म्हणजे यीस्ट. सिएरा नेवाडा पेल एल बाटलीत पुन्हा आंबवली जाते, म्हणून तळाशी राखाडी-पांढरा पातळ थर असतो. तो जिवंत असतो. शेजारणीकडून वाटीभर विरजण मागून आणावं, तसं हे यीस्ट बाटलीतून मागून आणता येतं. दोन ताज्या बाटल्या चार दिवस फ्रिजमध्ये उभ्या ठेवायच्या. अलगद ओतून प्यायच्या, तळाशी दोन बोटं राहू द्यायची. बाटलीचं तोंड लायटरच्या ज्योतीवर फिरवायचं, उरलेलं गोल हलवायचं आणि उकळून थंड केलेल्या २०० मिलिलिटर पातळ वॉर्टमध्ये ओतायचं. पातळ म्हणजे लिटरला ५० ग्रॅम सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट, त्याहून दाट नको, कारण बाटलीतलं यीस्ट थकलेलं असतं. पहिले दोन दिवस काहीच दिसत नाही. तिसऱ्या दिवशी कडेला बारीक फेसाची रिंग येते. ती दिसली की मला दरवेळी तेवढाच आनंद होतो. मग ते लिटरभर वॉर्टमध्ये वाढवायचं.

एवढा खटाटोप नको असेल तर 'चिको' म्हणून ओळखला जाणारा यीस्टचा हा वंश दुकानात मिळतो. वायईस्ट १०५६, व्हाइट लॅब्सचं ००१ आणि कोरडं यूएस-०५ ही त्याच घराण्यातली. बाटलीतून यीस्ट घेताना सावध राहावं, कारण काही ब्रुअरीज मूळ यीस्ट गाळून टाकतात आणि बाटलीत दुसरंच घालतात. मग विरजण घेतलं ते दुसऱ्याच दह्याचं निघतं.

स्कॉटलंडच्या ब्रूडॉग ब्रुअरीनं फेब्रुवारी २०१६ मध्ये आपल्या सगळ्या रेसिपी फुकट वाटल्या, त्या या दोन प्रकारांच्या मधल्या आहेत. २० लिटरच्या मापात, हॉप्स ग्रॅममध्ये, सगळं तयार. तरी त्या आकड्यांत तुमचं पातेलं, तुमचं पाणी आणि तुमच्या हॉप्सचं पीक नाही. पहिल्या बॅचसाठी त्या उत्तम, पण त्यांना क्लोन म्हणू नये. बॅच प्यावी, मूळ बियरशेजारी ठेवावी आणि मगच हात घालावा.

मूळ बियर म्हणताना ती कधीची आहे हेही बघावं. प्लायनीच्या बाटलीवर ताजी प्या, साठवू नका, असं बजावलेलं असतं, कारण हॉप्सचा वास आठवड्यागणिक उतरतो. दुकानात तीन महिने उजेडात उभी असलेली बाटली समोर ठेवून क्लोन केला, तर शिळेपणाचाच क्लोन होतो. माझ्या ओळखीत एकानं 'मधाची छटा' आणण्यासाठी खास माल्ट घातलं होतं. मूळ बियरमध्ये ती छटा नव्हतीच, ऑक्सिजन लागून आलेली होती.

हे वाचून पुण्या-मुंबईत कुणाला हात शिवशिवले तर एक सांगायला हवं. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय घरी बियर बनवणं गुन्हा आहे. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं केंद्राच्या पातळीवर मोकळीक मिळाली: घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००, आणि विकायची नाही.

क्लोन जमला की नाही हे स्वतःच्या जिभेला विचारू नये, ती आपल्या बाजूनं बोलते. मी तीन एकसारखे ग्लास घेतो. दोनांत एक बियर, तिसऱ्यात दुसरी. पिणाऱ्याला एवढंच विचारायचं, वेगळा कोणता? नुसत्या अंदाजानंही तिघांपैकी एक जण बरोबर येतो. गेल्या खेपेला माझी पेल एल सहा जणांसमोर ठेवली. तिघांनी ओळखली. मला खात्री होती की कॅस्केड कमी पडलं असणार. तिघांना वेगवेगळं विचारलं, तर हॉप्सबद्दल कुणीच बोललं नाही. एक म्हणाली, "तुझी जरा जास्त लालसर आहे, आणि घोट संपल्यावर गोडी रेंगाळते." कॅरॅमल माल्ट मी १० टक्के घातलं होतं. या रविवारच्या बॅचसाठी ८ टक्के मोजून ठेवलं आहे, आणि फ्रिजमधल्या बरणीतल्या यीस्टवर काल रात्री फेसाची रिंग आली आहे.