भोपळ्याचं सूप: दाट वेगळं, पोषक वेगळं

लाल भोपळ्याचं सूप दूध, साय, लोणी न घालता करायचं आहे आणि ते पोटाला आधार देणारंही हवं, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: नारळाचं दूध घाला. हे उत्तर जागोजागी वाचून आता खरंच वीट आला आहे. नारळाच्या दुधानं सूप मऊ होतं, दाट होतं, चवीला भरदार लागतं, हे मला मान्य आहे. पण त्याच दमात त्याला ‘पौष्टिक जेवण’ म्हणून मोकळं होतात, तिथे माझी हरकत आहे. सूप किती दाट झालं हे जीभ सांगते. त्यातून अंगाला काय लागलं हे जिभेला कळतच नाही.

दोन सुपं शेजारी ठेवून बघू. एक भोपळा आणि नारळाच्या दुधाचं, दुसरं भोपळा आणि मसूर डाळीचं. दोन्ही मिक्सरमधून काढलेली, दोन्ही केशरी, दोन्ही चमच्यावरून सारख्याच संथपणे ओघळणारी. नुसतं बघून कोणतं कुठलं हे सांगता येत नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

पहिलं सूप तुम्हाला येतंच. कांदा-लसूण परतायचा, भोपळ्याच्या फोडी शिजवायच्या, वाटायच्या आणि शेवटी नारळाचं दूध घालायचं. त्याबद्दल दोनच गोष्टी सांगते. दूध घातल्यावर सूप खळखळून उकळू नका, नाहीतर ते फाटतं आणि वर तेलाचे थेंब तरंगतात. आणि पिण्यासाठी म्हणून खोक्यात मिळणारं पातळ नारळाचं पेय इथे चालत नाही. त्यात बहुतेक पाणीच असतं.

आता मुख्य मुद्दा. सूप दाट होण्याची कारणं निरनिराळी असतात. भोपळा शिजला की त्याच्या पेशींच्या भिंती सैल होतात आणि वाटल्यावर त्यातलं पेक्टिन (पेशींना जोडून ठेवणारं द्रव्य) आणि बारीक गर पाणी धरून ठेवतो. बटाटा किंवा कॉर्नफ्लोअर घातलं तर स्टार्च फुगून घट्टपणा आणतो. नारळाच्या दुधात स्निग्धांशाचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेले असतात, त्यामुळे जिभेवर रेशमी थर बसतो. डाळ शिजून विरघळली की तिचा स्टार्च, तंतू आणि प्रथिनं मिळून सूप धरतं. या चारही प्रकारांत सूप दाटच लागतं. मात्र एका वाडग्यात जवळजवळ नुसतं स्टार्चचं पाणी असू शकतं आणि दुसऱ्यात पुरेसं जेवण.

भोपळ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, कारण तो ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतो. १०० ग्रॅम कच्च्या लाल भोपळ्यात २६ च्या आसपास कॅलरी आणि जेमतेम १ ग्रॅम प्रथिनं. त्याची खरी श्रीमंती बीटा-कॅरोटीनमध्ये आहे, म्हणजे ज्यापासून शरीर जीवनसत्त्व अ बनवतं त्या केशरी द्रव्यात; त्याकडे पुढे येते. म्हणजे सुपात जोडीला काय घालता त्यावरच ते हलकं पेय होणार की जेवण, हे ठरतं.

हिशेबच मांडते. चार माणसांसाठी ८०० ग्रॅम साफ केलेला भोपळा. पहिल्या सुपात ४०० मिलिलिटर घट्ट नारळाचं दूध. अशा दुधात १०० ग्रॅममागे साधारण २० ग्रॅम स्निग्धांश असतो, तोही बहुतेक संपृक्त, आणि प्रथिनं २ ग्रॅम. माणशी पडतात सुमारे २५० कॅलरी, २० ग्रॅम स्निग्धांश आणि ४ ग्रॅम प्रथिनं. कांदा परतायचं तेल यात धरलेलं नाही. दुसऱ्या सुपात १५० ग्रॅम कोरडी मसूर डाळ आणि दोन मोठे चमचे तेल. मसूर डाळीत १०० ग्रॅममागे सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं आणि १० ग्रॅमच्या आसपास तंतू. इथेही माणशी जवळपास २५० कॅलरीच पडतात, पण प्रथिनं ११ ग्रॅम, स्निग्धांश ७ ते ८ ग्रॅम आणि तंतू ५ ग्रॅमच्या घरात.

कॅलरी सारख्याच आणि प्रथिनं जवळजवळ तिप्पट, ही गोष्ट लोकांच्या नजरेतून निसटते. ६० किलो वजनाच्या प्रौढ माणसाला किलोमागे ०.८ ग्रॅम या हिशेबानं दिवसाला ४८ ग्रॅम प्रथिनं लागतात. डाळीचं सूप त्यातला जवळपास पाव वाटा उचलतं, नारळाच्या दुधाचं सूप बाराव्या हिश्शाशीच थांबतं. ‘सूप पिऊन तासाभरात पुन्हा भूक लागते, भोपळ्यात काही दम नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी सुपाच्या जोडीला काय घातलं होतं ते आठवावं. आणि गाईच्या दुधाऐवजी नारळाचं दूध घातलं म्हणजे पोषणाची भरपाई झाली असं समजणाऱ्यांसाठी: १०० ग्रॅम गाईच्या दुधात सव्वातीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि ११० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. नारळाच्या दुधात कॅल्शियम नावापुरतंच.

यावर हमखास येणारा प्रतिवाद असा, की बीटा-कॅरोटीन स्निग्ध पदार्थांशिवाय शरीरात नीट शोषलं जात नाही, मग नारळाचं दूध हवंच. पहिला भाग अगदी बरोबर आहे, दुसरा नाही. आपल्या हिशेबात माणशी २०० ग्रॅम भोपळा येतो. जातीनुसार फरक पडतो, पण भोपळा चांगल्या रंगाचा असेल तर तेवढ्यातून प्रौढ माणसाच्या दिवसाच्या गरजेच्या जवळपास जीवनसत्त्व अ मिळू शकतं. ते शोषलं जायला माणशी ४–५ ग्रॅम स्निग्धांश पुरतो, म्हणजे लहान चमचाभर तेल. त्यासाठी २० ग्रॅमची गरज नाही. तेल अजिबात न घालता केलेलं ‘हलकं’ सूप मात्र मला दोघांहून वाईट वाटतं. एवढा गर्द केशरी भोपळा आणायचा आणि त्याचं सगळ्यात मोलाचं द्रव्य शरीराला मिळण्याची वाटच अरुंद करायची, यात कसला फायदा?

काजू घातले तर? मधला मार्ग म्हणून ठीक आहे. ५० ग्रॅम भिजवलेल्या काजूंतून चौघांत मिळून ९ ग्रॅम प्रथिनं येतात, माणशी सव्वादोन. सूप सुरेख मुलायम होतं. पण त्याला डाळीचा पर्याय म्हणू नका. कॉर्नफ्लोअरची तर मला चीडच आहे. सूप पातळ झालं की त्यात कॉर्नफ्लोअरची पेस्ट सोडायची सवय फार लोकांना आहे. त्यात स्टार्चखेरीज जवळपास काही नाही. शिवाय भोपळ्याची चव पुसट होते आणि सुपावर एक खोटी चकाकी येते. सूप पातळ झालं असेल तर झाकण काढून दहा मिनिटं आटवा. बटाटा घालायचाच असेल तर निदान तो हातानं कुस्करून घाला. मिक्सरच्या पात्यांखाली त्याचा स्टार्च मोकळा सुटतो आणि सूप खळीसारखं चिकट होतं.

डाळीचं सूप मग लोक का करत नाहीत? बहुतेकांनी ते एकदा केलेलं असतं, पिठूळ लागलेलं असतं आणि मग सोडून दिलेलं असतं. दोष डाळीचा नसतो, ती अर्धी कच्ची राहिलेली असते. मसूर डाळ लवकर शिजते या भरवशावर भोपळा मऊ झाला की सगळं एकदम मिक्सरमध्ये जातं. गरम असताना ते गुळगुळीत दिसतं. वाडग्यात जरा निवलं की जिभेच्या कडेला बारीक रवाळ कण लागायला लागतात आणि मागे कच्च्या डाळीचा वास राहतो. कितीही फिरवलं तरी मिक्सर हे सुधारू शकत नाही, कारण तो डाळ बारीक करतो, शिजवत नाही.

म्हणून डाळ आधी, भोपळा नंतर. एक मोठा चमचा तेलात कांदा मंद आचेवर परता. तो पारदर्शक होऊन कडांना सोनेरी दिसेपर्यंत घाई करू नका. लसूण आणि किसलेलं आलं घाला, अर्धा मिनिट परता. धुतलेली डाळ आणि साधारण लिटरभर गरम पाणी घाला. वर फेस येईल, तो काढला तरी चालतो, राहिला तरी बिघडत नाही. दहा मिनिटांनी भोपळ्याच्या फोडी घाला आणि आणखी पंधरा ते वीस मिनिटं मंद आचेवर शिजू द्या. मग चमच्यात थोडी डाळ घेऊन, जरा फुंकर मारून, ती अंगठा आणि तर्जनीत चिरडून बघा. ती लोण्यासारखी पसरली पाहिजे. मध्ये टोचणारा कण किंवा पांढरट ठिपका दिसला तर अजून पाच मिनिटं. भोपळा त्यात जास्त शिजेल याची काळजी नको. तो वाटायचाच आहे.

आंबट पदार्थांबद्दल इथे बजावून सांगावंसं वाटतं. टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर यातलं काहीही डाळ शिजायच्या आधी घालू नका. आम्लामुळे पेशींना जोडणारं पेक्टिन विरघळायचं थांबतं आणि डाळ तास शिजवली तरी टणक राहू शकते. पाणी जड (जास्त क्षारांचं) असेल किंवा डाळ फार जुनी असेल तरीही वेळ लागतो. मिठावर मात्र उगाच आरोप होतो. सालं काढलेल्या मसूर डाळीत मीठ सुरुवातीलाच घातलं तर काही बिघडत नाही, उलट चव आतपर्यंत जाते. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा. भोपळा गोड, डाळ मातकट, या दोघांना जागं करायला ते लागतंच, आणि त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोहही जास्त चांगलं शोषलं जातं.

नारळाच्या दुधाचा रेशमीपणा डाळीच्या सुपात येत नाही, हे खरं. त्यावर उपाय आहे. तेलाचा दुसरा मोठा चमचा परतताना घालू नका, तो राखून ठेवा. सूप वाटताना, मिक्सर चालू असताना, ते तेल बारीक धारेनं सोडा. त्याचे सूक्ष्म थेंब होऊन सुपात मिसळतात, रंग क्षणात फिकट होतो आणि पोत बदलतो. नारळाची चव आवडत असेल तर त्या तेलाऐवजी शेवटी पाव वाटी नारळाचं दूध ढवळून घाला. मला स्वतःला हीच जोडी सगळ्यात आवडते: पोषण डाळीचं, सुगंध नारळाचा. दोघांपैकी एकच निवडायचं असेल, तर पोट भरायला हवं तेव्हा डाळ आणि जेवणाआधी छोटी वाटी हवी तेव्हा नारळाचं दूध.

वाटताना एक काळजी घ्या. उकळतं सूप बंद भांड्यात फिरवलं तर वाफेच्या दाबानं झाकण उडतं. भांडं एक तृतीयांशच भरा, झाकणातली फट उघडी ठेवा आणि वर जाड फडकं धरा. हातात धरायचा ब्लेंडर असेल तर हा प्रश्नच येत नाही.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. भोपळा भाजून घेतला तर पाणी उडून गोडवा दाटतो आणि कडा करपूस होतात; चव वाढते, पोषणात फारसा फरक पडत नाही. पाण्यात शिजवलात तर ते पाणी फेकू नका, एवढंच. भोपळ्याची जात कोणती यावरही उगाच वाद होतात. कापल्यावर गर गर्द केशरी आणि घट्ट असला की काम होतं. फिकट आणि पाणचट निघाला तर पाणी कमी घाला.

बिया मात्र टाकू नका. सालं काढलेल्या भोपळ्याच्या बियांत १०० ग्रॅममागे सुमारे ३० ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय मॅग्नेशियम आणि जस्तही भरपूर. कोरड्या तव्यावर मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा आणि माणशी एक मोठा चमचा वरून घाला. सोबत गव्हाचा ब्रेड घ्या: डाळीत लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं पण मेथिओनिन कमी, धान्यांत नेमकं उलट, त्यामुळे दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात. पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की बी-१२ यातल्या कशातूनही मिळत नाही. ते वेगळं घ्यावंच लागतं.

उरलेलं सूप दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवस चांगलं राहतं. डाळीचं सूप थंड झालं की जवळजवळ कापता येईल इतकं घट्ट होतं, ते खराब झालेलं नसतं. अर्धी वाटी गरम पाणी घालून मंद आचेवर ढवळत सैल करा, नाहीतर तळाला लागतं. पाणी वाढल्यामुळे मीठ आणि लिंबू पुन्हा चाखून बघा, दोन्ही थोडं थोडं लागतंच.